मीटरवरचं शून्य

मंडळी, आज सकाळचा प्रसंग लिहून मोकळा होतो.

आमच्या जळगावच्या कारखान्यात प्लास्टिक फिल्मवर शाई धरावी म्हणून तिला हजारो व्होल्टचा विजेचा दाब देतात. काल दसऱ्याच्या पूजेसाठी पॅनल आतून पुसलं होतं. आज सकाळी दाब दाखवणाऱ्या मीटरवर शून्य, धोक्याचा लाल दिवाही बंद. माझा मदतनीस प्रकाश मशीनच्या रोलरचं झाकण उघडायला वाकला.

"थांब, वास येतोय," मी म्हणालो. दाब चालू असताना येतो तसाच उग्र.

"भाऊ, मीटरवर शून्य शे, दिवा बी बंद शे. आते मुहूर्त दखनं शे का?"

मी मेन स्विच पाडला. झाकणाखालची बारीक तडतड थांबली, तेव्हा कुठे ती चालू होती हे आम्हा दोघांना कळलं.

पुसताना मीटरच्या आणि दिवा चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या तारांचा एकत्र प्लग निघाला होता. दाब पूर्ण होता, फक्त सांगणारं कुणी नव्हतं.

दुपारी रिलेची जोडणी बदलली. आता दाब नसेल तेव्हाच हिरवा दिवा लागतो. तार निघाली तर तो विझेल, आणि दिवा विझलेला असताना झाकणाला हात लावायचा नाही.

तुमच्याकडे दिवा कधी लागतो, धोका असताना की नसताना? उद्या झाकण उघडण्याआधी बघा.