इरकली पदर

मुदखेडात आमच्या घरमालकीण काकूंनी आजवर कुणावरही पुरता विश्वास ठेवलेला नाही. या यादीत मी येतो, त्यांचा पोटचा मुलगा येतो आणि दूधवाल्याची म्हैसही येते. मोबाइलवर कुणी सकाळी गुलाबाचं फूल पाठवलं, की काकू तो माझ्यापुढे धरणार, "सर, ह्याचं काय काम आसंल माझ्याकडं?" पाहुणा रिकाम्या हाताने आला तर कंजूष, आणि पेढे घेऊन आला तर नक्कीच काहीतरी मागायला आलेला.

गोधडी शिवायला बसल्या की हा संशय अगदी बहरात येई. बाजारातली गोधडी त्या दोन बोटांत चुरगाळून बघत आणि "पोटात काय भरलंय देव जाणे" म्हणून परत ठेवत. त्यांच्या गोधडीला तळाशी धुऊन मऊ झालेलं लुगडं, त्यावर जुन्या साड्यांचे थर, आणि प्रत्येक थराच्या कोपऱ्यात खुणेचा लाल टाका, म्हणजे मधला थर कुणी पळवला तर कळावं. थर ताणून धरायला समोर दुसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे शेजारच्या आपा, घरी शिलाईकाम करणाऱ्या. तीस वर्षं दोघी अंगणात समोरासमोर बसून टाके घालत आल्या. उठताना काकू सुया मोजत, आणि आपा हसत हसत ओढणी झाडून दाखवत.

माझी मुलगी क्लाससाठी लातूरला निघाली, तेव्हा काकूंनी तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. वर मधोमध त्यांच्या आईच्या इरकली लुगड्याचा लाल पदर लावायचा होता. आईची तेवढीच वस्तू उरलेली. थर अर्धेअधिक अंथरून झाले आणि पदर दिसेना. घरात दोघीच. काकू म्हणाल्या, "आपा, पिशवी दाव."

आपांनी पिशवी जमिनीवर उपडी केली. कात्री, रीळ, पानाचा डबा. "बघ बाई, हाय का त्यात?" एवढं बोलून त्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. कडेचा गोट काकूंनी एकटीने घातला आणि तो वाकडातिकडा झाला. दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, पण दोघींचं बोलणं बंद. मला फार वाईट वाटायचं.

दिवाळीत मुलगी आली. माझ्या बायकोने गोधडी धुतली, तर तोच गोट उसवला आणि आतून लाल पदर डोकावला. मी काकूंना बोलावलं. खोटं कशाला सांगू, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ह्यो आत कुणी घातला?" मग त्यांना आठवलं. पदर हरवला त्या दुपारी दारात भंगारवाला आला होता. त्याची नजर पडू नये म्हणून त्यांनीच पदर थराखाली सरकवला होता आणि वर पुढची साडी अंथरली होती.

"उसवून काढू का?" मी विचारलं.

"नको. ऱ्हाऊ द्या पोरीच्या अंगाशी." मग म्हणाल्या, "सर, आपाला म्हणावं, गोट उसवलाय. मला एकटीला जमंना."

आपा आल्या. कुणी न विचारता त्यांनी पिशवी काकूंपुढे उपडी केली. काकूंनी कात्री उचलली, रीळ उचललं, पानाचा डबा पुसला, आणि सगळं आपल्या हाताने पिशवीत परत भरलं. तेवढ्याला त्यांना फार वेळ लागला.

गोट पुरा झाला. उठताना काकूंनी सुया मोजल्या नाहीत. सवयीने मीच मोजल्या, तर एक कमी. ती आपांच्या ओढणीला टोचलेली होती, आणि ती काकूंनाही दिसत होती.