हातचा कुठे गेला?

बडोद्याच्या अलीकडचं करजण मागे पडलं आणि मी मनातल्या मनात सुमनबाईंचं यंत्र बसच्या डिकीत आडवं ठेवून पाहिलं. मावलं! बडोद्याच्या आमच्या कॉलेजात संगणक फक्त ऐकून माहीत होता, तेव्हा बाईंनी ट्रान्झिस्टर आणि दिवे जोडून एका फळीवर बेरीज करणारं यंत्र उभं केलं होतं. त्यावरच आम्ही संगणक शिकलो. आता कॉलेज ते भंगारात काढणार, म्हणून मी ते नाशिकला माझ्या वर्गात न्यायला निघाले होते.

सुभानपुऱ्यातल्या घरी बाई दारातच उभ्या होत्या. ऐंशी उलटली, पण आवाज तोच.

"आवी गई? (आलीस?) बेस (बस). आधी सेव-उसळ खा, मग भांडायला जाऊ."

"कुणाशी?"

"प्राचार्यांशी. ते म्हणतात, आज चाललं तर ठेवू, नाहीतर भंगार. आणि तुझ्याशीपण. यंत्र नाशिकला-बिशिकला जायचं नाही!"

उसळ इतकी झणझणीत होती की वाद घालायला जीभच उरली नाही.

कॉलेजात प्राचार्य आणि तंत्रज्ञ भरतभाई वाट पाहत होते. भरतभाईंनी आदल्या आठवड्यात यंत्र पुसून तारा बदलल्या होत्या. बाईंनी खटके दाबले: एक अधिक एक. शून्य आणि एक एवढेच अंक असले की दोन लिहायचे ते 'एक-शून्य' असे. उजवीकडे शून्य आलं. डावीकडचा हातच्याचा दिवा मात्र पेटेना.

"एक ने एक मींडुं? (शून्य?)" प्राचार्य हसले. "बेन, आ तो भंगार छे."

माझं डोकंच फिरलं. बाईंनी मात्र शांतपणे फळीच्या मागे पाहिलं. डाव्या दिव्याच्या तारेत कुणीतरी नवंकोरं बटण बसवलं होतं.

"में मूक्युं छे (मी बसवलंय)," भरतभाई म्हणाले. "पट्टी पर लख्युं छे ने (दिव्याच्या पट्टीवर लिहिलंय ना), 'हातचा'? एटले हाथथी चलाववानुं! (म्हणजे हाताने चालवायचं!)"

"अरे भाई, हातचा एटले वद्दी!" बाई म्हणाल्या.

गुजरातीत हातच्याला वद्दी म्हणतात. भरतभाईंनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच बटण काढून तार सरळ जोडली. दिवा पेटला. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

प्राचार्य अजून मागे हटेनात. "पण बेन, आजकाल आ कोण भणे? (हे कोण शिकतं?)"

"हुं भणावीश. (मी शिकवीन.) भंगारवाला आला तर त्यालाही शिकवीन." बाई यंत्रासमोर खुर्ची ओढून बसल्या. "शब्द दिलाय ना, साहेब? मग पाळा."

प्राचार्यांनी दिव्याकडे पाहिलं, भरतभाईंकडे पाहिलं. "सारुं (बरं). रहेवा दो (राहू द्या)." मी नाशिकचं नावही काढलं नाही.

परतीच्या बसच्या डिकीत माझं काहीच नव्हतं. गेली तशी आली, म्हणतील लोक. म्हणू देत! मी माझी फळी स्वतः जोडणार आहे. आमचे विभागप्रमुख पट्ट्या इंग्रजीत लावा म्हणतील. मी नाही लावणार. 'हातचा' लिहीन, शेजारी 'वद्दी'ही. बाईंनी आम्हाला कधी हातचं राखून शिकवलं नाही. मी का राखू?