वेगळा ग्लास

मारतहळ्ळीच्या सॉफ्टवेअर ऑफिसात आमच्या सरांनी माझा कोड भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावला. सगळी टीम बसलेली. "देखो, हर दो लाइन में क्लोन. कॉपी मारने की आदत जाती नहीं इन लोगों की." हशा पिकला.

इन लोगों की. सर पुण्याचे. पहिल्याच दिवशी चहाच्या मशीनपाशी त्यांनी मराठीत विचारलं होतं, "आडनाव काय गं?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी हिंदीतच बोलायला लागले.

मी पीएचपी या जुन्या भाषेत कोड लिहिणारी. तिथं कुठली माहिती कुणी वापरली, कुणी विचारत नाही. रस्ट ही नवी भाषा मात्र दर ओळीला दरडावते: हे कुणाच्या मालकीचं? मालकाकडून बघायला मागून घेता येतं, बघून झालं की परत. नाहीतर क्लोन करायचं, म्हणजे स्वतःपुरती वेगळी प्रत. मी सगळीकडे क्लोनच करत गेले. कोड चालायचा, पण रडतखडत. नोकरी पक्की व्हायची वेळ तोंडावर आलेली.

ते हसत होते आणि मला शाळेतल्या मैत्रिणीचं घर दिसलं. खिडकीत पालथा घातलेला ग्लास. फक्त माझ्यासाठी. तिची आई म्हणाली होती, "कशाला हात लावू नकोस हं." मी नाही लावला. त्यानंतर कुणाच्याच वस्तूला लावला नाही. कोडमध्येसुद्धा.

"तू वापस पीएचपी पे जा," सर म्हणाले. "रस्ट तेरे बस का नहीं."

मी उभी राहिले. मराठीतच बोलले, "क्लोन माझी चूक आहे, सर. काढते. पण 'इन लोगों की' म्हणजे कुणाची, ते सांगा."

हशा थांबला. सरांनी स्क्रीन बंद केला.

"मीटिंग संपली," म्हणाले. मराठीत.

आता एकेक क्लोन काढते आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावते, बघते, जशीच्या तशी परत करते. अजून चुकते. चुकले की स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, मी वाचते, दुरुस्त करते.

उद्या माझ्या नोकरीचा निर्णय आहे. समोर सरच बसणार. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या बसायच्या आधी मी तेच विचारणार आहे.