ताप उतरल्यावरची कवायत

आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत शिंक आली तर माणसं रुमाल नंतर शोधतात, आधी सुभेदारांच्या ओसरीकडं बघतात. फौजेतून निवृत्त झालेले हे माझे शेजारी बर्फातल्या चौकीवर हसतखेळत राहिले, पण आता कुणाचं नाक गळताना दिसलं की पांढरेफटक पडतात. गल्लीत कुणाला ताप येऊन गेला, की त्याला रोज सकाळी त्यांच्यापुढं हजर व्हावं लागतं. सुभेदार खुर्चीतूनच ‘सावधान’ म्हणतात आणि जागच्या जागी कदमताल करायला लावतात, गुडघे पार कमरेपर्यंत. किराणा दुकानवाल्या चाचांनी एकदा लुंगी सावरत ही कवायत केली, तेव्हा हसून हसून माझी मुरकुंडी वळली. मला ताप आला तेव्हा मात्र मी अंथरुणातच पायाची बोटं हलवून बघत होतो.

कारण सुभेदारांचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. साधा व्हायरल ताप, तोही उतरलेला. थोड्याच दिवसांनी ते सकाळी चहाला उठायला गेले आणि पाय उचलेनात. बघता बघता लुळेपणा छातीपर्यंत चढला, सांगलीच्या दवाखान्यात श्वासासाठी नळी घालावी लागली. डॉक्टरांनी समजावलं की, विषाणूशी लढायला उठलेली शरीराची फौज क्वचित एखाद्याच्या बाबतीत आपल्याच नसांना शत्रू समजते. सुभेदार वाचले, पण कुबड्या कायमच्या आल्या. पायांपेक्षा त्यांना त्या फौजेचीच जास्त शरम वाटते.

“आपल्याच मानसांवर गोळी झाडली गड्या,” ते मला म्हणाले, “अन् हुकूम कुनी दिला, त्ये बी कळंना.”

मागच्या महिन्यात त्यांची नात साताऱ्याहून आली आणि तापली. ताप उतरला तशी सुभेदारांची झोप उडाली. रोज सकाळी तिची कवायत सुरू झाली. मीही काहीतरी निमित्त काढून तिथं जायचो, भीती मलाही होतीच. एका सकाळी हुकूम सुटला आणि पोरगी पायरीवरून उठेना. सुभेदारांनी कुबड्या जवळ ओढल्या.

“ऊठ बाळ,” ते म्हणाले.

ती खाली मान घालून बसली होती. मी तिच्या पायाच्या बोटांकडं बघत राहिलो.

“रोज मी एकटीच का?” ती शेवटी फुरंगटून म्हणाली. “तुमी पन करा की, आबा.”

मग ती उठली आणि पाय आपटू लागली. सुभेदारांनी डोळे पुसले, कुबड्या भिंतीला टेकवल्या, खुर्चीत बसूनच दोन्ही हातांनी आपला डावा गुडघा उचलला आणि सोडला. मग उजवा. त्यांना फार वेळ लागत होता. नात एक पाय वर धरून, प्रत्येक वेळी, त्यांच्यासाठी थांबत होती.