सुनंदाची फणी

मेथी निवडत होते, तेवढ्यात सुनंदाच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, आत्या गेली... झोपेतच." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. यातली अर्धी भाजी तिच्याकडे द्यायची होती, हे मग आठवलं आणि रडू आवरेना. त्याला आता काही आठवडे झाले. बुऱ्हाणपूर तेच आहे, यंत्रमागांचा खडखडाट तोच आहे. संध्याकाळी पाय अजून तिच्या गल्लीकडे वळतात आणि मला ते परत फिरवावे लागतात.

सुनंदा कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, मी हिंदी. शहरातल्या बायकांमधली नशा, नवऱ्याचा मार आणि एचआयव्हीचा धोका, असा अभ्यास तिने हाती घेतला आणि मला सोबत ओढलं. सुरुवातीला आम्ही समोर बसून प्रश्न विचारायचो आणि बायका पदर सावरत म्हणायच्या, "सब ठीक आहे ना, ताई." मग एका घरी एक बाई केस विंचरत बसली होती. सुनंदाने तिच्या हातातली फणी घेतली, "दे इकडे, किती गुंता केलाय!" म्हणत मागे बसली, आणि ती बाई पाठमोरी बोलू लागली. त्या दिवसापासून सुनंदाच्या पर्समध्ये तेलाची बाटली आणि लाकडी फणी आली. तोंडावर जे सांगता येत नाही ते पाठ फिरवून सांगता येतं, असं ती म्हणायची. शिवाय मध्येच नवरा आला तर काय दिसणार? वेणीफणी चाललीय! "तुझ्या संशोधनाला खोबरेलाचा वास येतो," असं मी चिडवलं की म्हणायची, "मग लांब बस."

अशीच एक होती, रेखा म्हणू या तिला. तिचे केस विंचरताना फणी एकदम थांबली. केसांखाली खपली धरलेली जखम होती. सुनंदा जखमेच्या कडेकडेने फणी फिरवत राहिली. मग रेखा म्हणाली, "आधी तो सुई घेतो, मग तीच मला लावतो. नको बोलली तर डोकं भिंतीवर आपटतो. अब तो मलाच तलब लागते, ताई..." "सोड त्या मेल्याला!" मी ओरडलेच. सुनंदाने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"तपासणी करून घेशील? मी येते सोबत," तिने विचारलं.

"त्याला मालूम पडलं तर?"

"बाजारात पिना घ्यायला गेलो म्हणू."

तपासणीत एचआयव्ही निघाला. रेखा जवळच शाहपूरला बहिणीकडे राहायला गेली. नशा सहज सुटली नाही, एकदा ती पुन्हा घसरलीही. पण दर महिन्याला इथल्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला यायची आणि तिथून सुनंदाकडे, वेणी घालून घ्यायला. "गोळ्या निमित्त आहेत गं," सुनंदा म्हणायची, "ती वेणीसाठी येते."

म्हणून सुनंदा गेल्यावर मला काळजी लागली ती या पोरीचीही. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप रडली, म्हणाली, "आता बुऱ्हाणपूरला कोणाकडे येऊ, मावशी?" वेणीच नाही म्हटल्यावर ही गोळ्यांना तरी कशाला येईल, याच धास्तीत मी दिवस काढत होते.

फणी भाच्याने मला आणून दिली. तिच्या दातांत एक लांब काळा केस अडकलेला आहे. सुनंदाचे तर सगळे पांढरे होते. मी तो काढला नाही. ती फणी हातात घेतली की सुनंदा आत चहा टाकतेय असं वाटतं, आणि मी वेड्यासारखी कान देऊन बसते.

परवा दुपारी दार वाजलं. रेखा होती. हातात गोळ्यांची पिशवी. खाली बसली, माझ्याकडे पाठ केली आणि केस सोडले. मी फणी आणली. गुंता सोडवला आणि कशीबशी वेणी घातली.

"वेणी सैल झाली ना, मावशी?"

"झाली गं."

"चालेल... पुढच्या महिन्यात घट्ट घाला."