आधी वास, मग घोट

गजू गेल्याचा फोन त्याच्या आईनंच केला. पेरणीचे दिवस. दिग्रसच्या माझ्या कृषी केंद्रात गिऱ्हाइकांची झुंबड होती आणि एक गृहस्थ सोयाबीनच्या बियाण्यावरून माझं डोकं खात होते. "रमेश, गजू गेला रे," काकू म्हणाल्या. "पुण्याहून दवाखान्यातून फोन आलता. मले काही समजून नाही राह्यलं. तू ये." एवढंच. रडणं नाही, काही नाही. मी फोन ठेवला, त्या गृहस्थाला बियाण्याची पिशवी दिली, पावतीसुद्धा केली. ती कशी केली ते आज आठवत नाही. मग शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

आमचं गाव दिग्रसपासून जवळच. दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडी आली, तिच्यातून गजू आला. अंगणात माणसं बसली होती आणि माझ्या मागून कुणीतरी हळूच बोललं, "बापाच्याच वाटेनं गेला बघा." मला असा संताप आला की मागं वळून त्याची गचांडी धरावी. वळलोही. पण हात उचलला गेला नाही. अरे, धरणार कशी? तो खोटं बोलत होता असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. गेले काही आठवडे मला जे खातंय ते हेच आहे. म्हणून हे लिहायला बसलो... लिहिणं हा काही माझा धंदा नव्हे.

गजूचे वडील देशी दारूनं गेले तेव्हा आम्ही दोघं दहावीत होतो. त्यानंतर गावातल्या बायकांनी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं. या मतदानात चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. काकू कधी कुणाच्या दारात न जाणारी बाई, पण तेव्हा घरोघर फिरल्या. चूल पेटवणाऱ्या बायकांना चुलीपासून उठवून नेलं. आडवी बाटली निवडून आली, दुकानाला कुलूप लागलं, आणि काकू त्या संध्याकाळी आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. नवरा गेला तेव्हा एवढ्या रडल्या नव्हत्या.

आणि त्याच बाईचा मुलगा पुढं बिअर बनवायला लागला. आता बोला! यवतमाळला सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, आधी एका औषधाच्या कंपनीत होता, तिथून पुण्याच्या एका छोट्या ब्रुअरीत गेला आणि तिथलाच झाला. आईपासून त्यानं लपवलं नाही, हे मात्र त्याचं मानलं पाहिजे. मी समोर होतो. काकू ज्वारी निवडत होत्या. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "गावातली बाटली म्या आडवी केली, अन् तू तिकडं कारखान्यात उभी करून राह्यला?" गजू हसून म्हणाला, "माय, ही तशी दारू नाही वं. ही चाखायची गोष्ट आहे." काकूंनी त्यावर एकच अट घातली. घरात थेंब येता कामा नये. ती अट त्यानं शेवटपर्यंत पाळली. म्हणून मग आमची चाखणी माझ्या दिग्रसच्या घरी, वरच्या खोलीत.

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं यायचा, बॅगेत टॉवेलात गुंडाळलेले कॅन. आंघोळ झाली की आईकडं जेवून दुपारी माझ्याकडं. पहिल्या वेळी मी मोठ्या प्रेमानं तर्रीपोहे मागवून ठेवले होते. गजूनं कपाळावर हात मारला. "अबे, आयपीए अन् तर्री? जीभ जाळतो काय?" मी कशाला ऐकतोय. दोन घास खाऊन वर तो कडू घोट घेतला आणि तोंडात अशी आग लागली की मी पाण्यासाठी खाली पळालो. माझी बायको वंदना जिन्यात उभी राहून हसत होती. तेव्हापासून आमच्या बैठकीला फक्त मुरमुरे, तेही बिनमिठाचे. दोन घोटांच्या मध्ये चार दाणे चावायचे, की जीभ कोरी.

आयपीए म्हणजे काय, तर हॉप्स नावाच्या एका वेलीची बोंडं सढळ हातानं घालून केलेली कडू बिअर. इंग्रजांच्या काळात ती जहाजानं आपल्याकडं यायची, प्रवासात टिकावी म्हणून बोंडं जास्त घालायचे, असं गजू सांगायचा. गोष्ट खरी की रंगवलेली कोण जाणे. पण सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की खोटी म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "आपल्यासाठी बनवली बे, अन् आपल्यालेच चव माहीत नाही!" मग तो तीन पेले मांडायचा. पहिल्यात इंग्लिश पद्धतीची, मऊ, थोडी चहासारखी, थोडी भाजलेल्या बिस्किटासारखी. दुसऱ्यात अमेरिकन पद्धतीची वेस्ट कोस्ट, काचेसारखी स्वच्छ आणि कडू जहर. तिसऱ्यात हेझी, म्हणजे गढूळ, पिवळट, जिचा कडूपणा जवळजवळ झाकलेला असतो आणि वास फळांच्या टोपलीचा येतो. मला तिसरी आवडायची. गजू चिडवायचा, "तू लहान पोरगंच राह्यला. सरबत पाहिजे तुले."

मी दिवसभर कीटकनाशकांच्या वासात बसणारा माणूस. माझ्या नाकाला काय कळणार, असं मला वाटायचं. गजू म्हणायचा, "पुस्तकातले शब्द सोड. तुह्या डोक्यात पहिल्यांदा काय येते ते सांग." वेस्ट कोस्ट नाकाशी नेली आणि मी बोलून गेलो, "सालईचा डिंक." जंगलातल्या सालईचा डिंक आपल्याकडं धूप म्हणून जाळतात, तो. गजू एकदम उठून उभा राहिला. त्याच्या कारखान्यात त्या वासाला पाइनचं झाड म्हणायचे, आणि पाइन तिथल्या अर्ध्या लोकांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी आम्ही दुपारभर तोच खेळ खेळलो. या घोटात संत्र्याची साल नखानं खरवडल्यासारखं, त्यात कैरीच्या देठाचा चीक, आणि एकीत चक्क ओल्या सातूच्या पिठाचा वास. गजूचा एकच नियम होता, आधी वास, मग घोट. वास न घेता पिणाऱ्या माणसाचा त्याला राग यायचा. "असे पिणारे म्या घरात पाह्यले आहेत," म्हणायचा.

एकदा ऐन मे महिन्यात त्यानं हेझी आणली. ट्रॅव्हल्सच्या डिकीत, आपला उन्हाळा, विचारूच नका. पेल्यात ओतली, वास घेतला आणि गजूचं तोंड पडलं. मलाही कळलं. फळं गेली होती, ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. त्यानं ती सगळी मोरीत ओतली. एक घोटही घेतला नाही. त्या काळात मला कुणी सांगितलं असतं की हा माणूस दारूनं जाईल, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका दिवाळीला तो सुकवलेली हॉप्सची बोंडं घेऊन आला होता, पुडीत बांधून. ती तळहातावर चोळली की पिवळी भुकटी निघते आणि खोलीभर वास सुटतो. यात दारूचा थेंबही नव्हता, म्हणून त्यानं हिंमत केली. चोळलेला हात आईपुढं धरला. "माय, एकदा वास घेऊन पाय." काकूंनी मान फिरवली. "नको दाखवू मले." गजू हात तसाच धरून उभा राहिला, मग बाहेर जाऊन नळाखाली धुतला. लग्न त्यानं केलं नव्हतं, मित्र भरपूर होते, पण दाखवायचं होतं ते त्याला एकाच माणसाला. हे मला तेव्हाच समजलं, आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

नेमकं कधी बिघडलं ते मला सांगता येत नाही. कारखान्यात रोज चाखायचं, टाकीटाकीतून, हे तर कामच होतं. बाहेर थुंकता येत नाही का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, बिअरचा कडूपणा घशाशी कळतो, गिळावंच लागतं. असेल. पण नंतर नंतर मुरमुऱ्यांची वाटी तशीच राहायला लागली. तीन पेल्यांऐवजी तो कॅनच तोंडाला लावायचा. मग नेहमीपेक्षा दुप्पट कडक जातीचे कॅन यायला लागले, आणि तुलना बंद झाली. यंदा होळीला आला तेव्हा डोळे पिवळे होते, पायावर सूज. मी बघत होतो. त्यानं कॅन उघडला आणि अर्धा रिकामा केला.

"गजू," मी म्हणालो, "तू वास नाही घेतला."

तो थांबला. माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याला शिवी दिली होती. "तू कायचा डॉक्टर आहेस बे?" म्हणाला. मी ऐकलं नाही. मी ओरडलो, कॅन हिसकावला, यवतमाळला दवाखान्यात चल म्हणून हात धरला. खालून वंदना धावत आली. गजू माझा हात सोडवून जिना उतरला आणि रस्त्यावरून म्हणाला, "मायले सांगू नको." दोन-तीन दिवसांनी पुण्याहून त्याचा फोन आला, साध्या आवाजात, औषध चालू केलंय म्हणाला. त्यानंतर आठवड्याला फोन करायचा, मी रिपोर्ट विचारायचो, तो हवामान सांगायचा. मग दवाखाना... मग काकूंचा तो फोन.

तेरवी झाल्यावर नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, काकूंनी विचारलं तर कावीळ सांगायची. कावीळ झालीच होती, खोटं काही नव्हतं त्यात. मी मान डोलावली.

परवा भरदुपारी काकू एसटीनं एकट्याच दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"रमेश, कावीळ सांगू नको. कावीळ कायनं होते ते मले समजते. तू मले एवढं सांग, बापासारखाच होता का तो?"

काय सांगायचं होतं मी? हो म्हटलं तर या बाईची सगळी जिंदगी वाया गेली. नाही म्हटलं तर माझ्या डोळ्यांसमोरचे ते पिवळे डोळे खोटे.

"नव्हता, काकू," मी म्हणालो. "लई वर्षं नव्हता. पण शेवटी शेवटी... हो."

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं आता कोसळतील, म्हणून मी काउंटरच्या बाहेर आलो. पण त्या तशाच बसून राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काय होतं रे त्यात? त्या दिवशी हात पुढं केलता त्यानं माह्या. म्या वासही नाही घेतला."

मग मी सांगितलं. पेले, मुरमुरे, सगळं. सालईचा डिंक, संत्र्याची साल, कैरीचा चीक, ओलं सातूचं पीठ. सांगता सांगता मीच रडायला लागलो, दुकानात, काउंटरवर हात टेकून. काकू ऐकत होत्या, एकेका नावावर मान हलवत होत्या.

"हे सारं तं घरीच होतं ना रे," त्या म्हणाल्या. "मंग काहून गेला एवढ्या दूर?"