एकतीस स्कार्फ, रंग एकच

अक्का गेल्याची बातमी मला वन्संनी दिली. दुपारची वेळ होती. नांदेडच्या घरी मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होते आणि उमरीहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे माझी नणंद आणि लातूरच्या अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वन्सं रडत होत्या. रडता रडताच म्हणाल्या, "सुमन, वयनी गेली गं... जेवून जरा आडवी झाली ती उठलीच न्हाई. अन् बघ, लातूरहून मुरुडच्या मावशीला आधी फोन गेला, मंग मला." डोळ्यांना धार लागलेली असतानाही फोन कोणाला आधी गेला याचा तपास या बाईने पूर्ण केला होता. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यातच हसूही आलं. हे अक्कांना सांगायला हवं असं वाटलं आणि हात फोनवर त्यांचा नंबर शोधायला लागलासुद्धा.

आमच्या घराण्यात रुसण्याला फार मान आहे. कोणी पत्रिकेवर नाव कुठल्या ओळीत छापलं यावरून रुसतं, कोणी वाढताना लाडू आधी कोणाच्या ताटात पडला यावरून. एक मामेसासरे तर आपल्याला कोणी रुसू देत नाही म्हणून रुसले होते. या सगळ्यांची समजूत काढायचं काम अक्कांकडे. कोणाला फोनवर भागतं, कोणाकडे स्वतः जावं लागतं आणि कोणाला चार दिवस तसंच सोडून द्यायचं, हे त्यांना बरोबर माहीत असायचं. जेठांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं, मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान, तिथे रोजची वादावादी. पण जेठ म्हणायचे, "मोंढा सोपा हाय. घरातलं ही बघते म्हणून मी जित्ता हाय."

अक्का चुकल्या त्या एकदाच, स्वतःच्या मुलाच्या, प्रशांतच्या लग्नात. आहेराची यादी त्यांनी घाईत एका पत्रिकेच्या मागे लिहिली आणि माईकवाल्याच्या हातात दिली. त्याने ती लिहिली तशी पुकारली. नवरीच्या मावशीचं नाव आधी आलं आणि नवरदेवाच्या सख्ख्या आत्याचं, म्हणजे वन्संचं, नंतर. वन्सं भरल्या पंगतीतून उठल्या, उमरीची गाडी धरली आणि लातूरच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही असं जाहीर करून टाकलं. नऊ वर्षं ठेवला नाही. माझ्याकडे नांदेडला यायच्या, मी अजून कुठल्या यादीत चुकले नव्हते. अक्का तीनदा उमरीला गेल्या. तिन्ही वेळा वन्संनी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला, चहा पाजला आणि "मी काई येत नसते," म्हणून वाटेला लावलं. भाऊबीजेला जेठच उमरीला जाऊन ओवाळून घेऊन यायचे. अक्का त्या दिवशी गोडधोड करायच्या, पण स्वतः जेवायच्या नाहीत. "लेक माहेराला तुटली सुमन, अन् ती बी माझ्या हातच्या यादीनं," असं त्या एकदा मला म्हणाल्या, तेव्हा मला चेष्टा सुचली नाही. एरवी मला कुठेही सुचते.

पुढे प्रशांतने आम्हा दोघी जावांना एका टूरबरोबर तुर्कस्तानला पाठवलं. जेठ गुडघ्यांमुळे आणि आमचे हे आळसामुळे मागे राहिले. इस्तंबूलच्या हॉटेलात बाकीच्या बाया खिडकीशी उभ्या राहून समुद्र बघत होत्या आणि अक्का पलंगावर बसून पर्समधून एक कागद काढत होत्या. त्यावर एकतीस नावं. बहिणी, भावजया, सुना, पुतण्या, शिवणकाम करणारी सुनंदा, पार्लरवाली, तिची मुलगी, भांडी घासणाऱ्या कमलबाई... पहिलं नाव वन्संचं, त्याखाली दोनदा रेघ. "सगळ्याला स्कार्फ न्यायचे," त्या म्हणाल्या. "येकच रंग, येकच डिझाइन, येकच माप. आता बघते कोण कमी-जास्त म्हणतंय ते."

स्कार्फ घेणं ही तिथे फार नाजूक गोष्ट असते. दुकानदार तो बोटांवर झुळकन पसरून दाखवतो, बाई आरशात गळ्याभोवती टाकून मान तिरकी करते. अक्कांना गळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. लातूरच्या मे महिन्यात स्कूटीवर तोंड बांधायला तो चालतो का, एवढाच प्रश्न. आणि तो सोडवायला त्यांच्याकडे मी होते. त्या भर बाजारात, छताला झुंबरं लटकलेल्या दुकानात, त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि रेशमी स्कार्फने माझं तोंड बांधलं, डोळे तेवढे उघडे. "मुंडी हलव. जोरात. आता खड्डा आला असं समज." मी साठीची, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, हवेत हँडल धरून खड्ड्यातून उसळी घेतली. रेशमी स्कार्फ सटकला. दुसरा बांधला, त्यात श्वास कोंडला. तिसऱ्याचं टोक अक्कांनी बाटलीतल्या पाण्याने भिजवून माझ्या पांढऱ्या रुमालावर घासलं, रंग उतरला, तोही बाद. तोवर दारात आठ-दहा परदेशी माणसं जमून माझे फोटो काढायला लागली होती. कुठल्या कुठल्या देशांत मी हवेत स्कूटी चालवताना दिसत असेन, देव जाणे.

शेवटी सुती निघाला. निळा, त्यावर ट्युलिपची फुलं. अक्कांना त्या लसणाच्या गड्ड्या वाटल्या, पण रंग पक्का होता. त्यांनी हाताच्या बोटांनी एकतीस करून दाखवले. दुकानदार खूश होऊन हिरवे, गुलाबी, पिवळे काढायला लागला. "न्हाई, न्हाई. तमाम येकच रंग!" अक्का म्हणाल्या. आमच्या निजामाच्या वेळच्या मराठीतले बरेच शब्द त्याच्याही भाषेत निघाले, त्यामुळे त्यांना इंग्रजी येत नसल्याचं काही अडलं नाही. अडला तो दुकानदार. इतक्या वर्षांत एकसारखे एकतीस स्कार्फ त्याच्याकडे कोणी मागितले नसावेत. आजूबाजूच्या चार दुकानांतून जमवून आणताना त्याने मला हळूच विचारलं, "स्कूल?" मी बांधलेल्या तोंडानेच मान हलवली. खरं समजावून सांगायला मला आमचं सगळं घराणं सांगावं लागलं असतं.

लातूरला वाटप झालं आणि पंधरा दिवसांत गोंधळाला सुरुवात झाली. आमच्याकडे उन्हाळ्यात बाई ओळखायची ती तिच्या स्कार्फवरून, चेहरा दिसतो कुठे? आता सगळीकडे लसणाच्या गड्ड्याच. ट्यूशन सुटल्यावर अक्कांची नात समोरच्या स्कूटीवर मागे बसली. ती पार्लरवालीची निघाली. पार्लरवालीनेही आपलीच मुलगी बसली असं समजून तिला घरी नेलं, आणि तोंडं सोडल्यावर दोघी एकमेकींकडे बघून किंचाळल्या. जेठांची तर कमालच. चौकात ते सुनेची वाट बघत थांबले होते. निळा स्कार्फ आला, स्कूटी थांबली, ते बसले आणि घरापर्यंत डाळीतल्या मिठावर बोलत राहिले, "तुझ्या सासूच्या हाताची चव बी आता गेली बग," इथपर्यंत. ती शिवणकाम करणारी सुनंदा होती. बिचारीने जेठांना ओळखीचे म्हणून सोडायला गाडी थांबवली होती, पुढे मधे बोलायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. लोक त्या बायांना अक्काची पलटण म्हणायला लागले, आणि जेठांना आठवडाभर बिनमिठाची डाळ मिळाली.

वन्संचा स्कार्फ उमरीला पोचवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी तो उलगडला, चुरगाळून पाहिला, उजेडात धरला. "बाकीच्यांना कसले?"

"सगळ्यांना हाच, वन्सं. एकच रंग."

विश्वास बसेना. मोबाइल काढून त्यांनी घराण्याच्या ग्रुपवरचे फोटो एकेक मोठे करून पाहिले. खरंच सगळ्या गड्ड्या सारख्या होत्या. मला वाटलं, जिंकलो... अक्कांना लगेच फोन करावा. तेवढ्यात एका फोटोवर वन्संचं बोट थांबलं. "ही कमलबाई न्हवं का? भांडेवाली?"

"हाव."

"म्हंजे घरची लेक अन् भांडेवाली येकच माप?"

कमी दिलं तरी अपमान, सारखं दिलं तरी अपमान. वन्संनी स्कार्फ घडी करून त्याच पिशवीत कोंबला. "पोस्टानं न्हाई पाठवत. तिच्या तोंडावर नेऊन टाकते," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस स्टँडवर हजर. मध्ये पडायला कोणी हवं म्हणून मीही निघाले. निघण्याआधी अक्कांना फोन केला, "अक्का, वन्सं भांडायला येऊन राहिल्या." अक्कांनी विचारलं, "जेवायला काय आवडंल गं त्यांना आता? नऊ वर्सं झाली... दात हायत न्हवं अजून?"

दुपारी दीडला आम्ही लातूरला दारात पोचलो. वन्सं पायरीवर थांबल्या. पाय न ठेवण्याचं जाहीर केलेलं होतं, त्यामुळे भांडण बाहेरून सुरू झालं. अक्का आत उंबऱ्याशी, वन्सं उन्हात, मी मधल्या पायरीवर. लग्नाची यादी निघाली, माईकवाला निघाला, कमलबाई निघाल्या. कमलबाई स्वतः धुणं थांबवून ऐकत होत्या. लातूरचं ऊन, डोक्यावर सावली नाही. दहा मिनिटांत वन्संच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. "वयनी, उन्हात उभं करून मारता का मला?" असं ओरडून त्या ताडताड आत आल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसल्या. पाय ठेवून झाला होता. जेठ पलीकडच्या खोलीत उभे होते, ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

वन्सं तीन दिवस राहिल्या आणि तिन्ही दिवस भांडल्या. अक्का तसूभर मागे हटल्या नाहीत. "येकच हाय. घ्यायचा तर घ्या," एवढंच. मला राहवेना. स्वयंपाकघरात मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे एक रेशमी आहे, तो देऊन टाका आणि मिटवा की." अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "येडी हायस का? मिटलं तर जातील की त्या."

हे सगळं त्यांनी आधीपासून ठरवलेलं होतं असं मी म्हणणार नाही. सारखं दिलं की सगळे खूश होतील यावर त्यांचा खरोखर विश्वास होता, आणि तो फसला. पण पुढे त्यांनी काही मिटूच दिलं नाही. वन्सं दर दीड-दोन महिन्यांनी लातूरला यायच्या, मागचं भांडण पुढे चालू करायला. भाऊबीज लातूरला व्हायला लागली. तो स्कार्फ पिशवीतून जायचा, पिशवीतून परत यायचा, वन्संनी तो ना कधी बांधला, ना कधी परत केला. चार वर्षं असं चाललं. अक्कांच्या तोंडावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता तेराव्याला लेकीबाळींना साड्या द्यायचं काम माझ्याकडे आलं. घरात थोरली आता मीच. अक्कांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर बसून मी एकेकीला साडी दिली. मला त्यांची फार आठवण येत होती, मान वर करवत नव्हती. वन्संनी आपली साडी घेतली आणि पदर दोन बोटांत धरून चोळला. मग शेजारच्या मांडीवरच्या साडीचा पदर चोळला.

"सुमन, ही हलकी हाय."

"हाव वन्सं, हलकीच हाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरले होते, पण आवाजात धार होती. "कामून? मी कोण परकी हाय का? मी ही घेत नसते. पुढल्या महिन्यात येते, बदलून देजो."

"या की," मी म्हटलं.

त्या पाय आपटत आत गेल्या. मी पर्समधून साडी बदलून घ्यायला लागणारी दुकानाची पावती काढली आणि फाडून टाकली.